ॲप स्टोअर चालवणाऱ्या कंपन्यांना पुण्याहून खुलं पत्र: रिव्ह्यूच्या तक्रारी माणसाकडून तपासून घ्या

प्रति,
ॲप स्टोअर चालवणाऱ्या कंपन्यांचे भारतातील तक्रार निवारण अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवते. गृहनिर्माण सोसायट्यांचा हिशेब, मेंटेनन्सची बिलं, पावत्या, नोटिसा, गेटवरची नोंद हे सगळं सांभाळणारं ॲप आम्ही बनवतो. आमची ग्राहक मंडळी धनकवडीपासून वाघोलीपर्यंत पसरलेली आहेत. बहुतेक सोसायट्या मध्यम आकाराच्या आणि त्यांच्या कमिट्यांवर निवृत्त किंवा नोकरी सांभाळून काम करणारी माणसं.

हे पत्र जाहीरपणे लिहायचं कारण तुमच्यापैकी एका कंपनीचा एक निर्णय. आमच्या ॲपवर एक रिव्ह्यू आला. त्यात आमच्याकडे सपोर्टला बसणाऱ्या मुलीचं नाव घेऊन तिच्या चारित्र्यावर घाणेरडं लिहिलं होतं. मजकूर मराठी, पण रोमन लिपीत टाइप केलेला. आम्ही तक्रार केली. ‘धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं. पुन्हा तक्रार केली, पुन्हा तीच ओळ आली. मराठी येणाऱ्या कुणीही तो मजकूर एकदा जरी वाचला असता तरी तो तिथं ठेवला नसता. म्हणून मला खात्री आहे की तो कुणी वाचलाच नाही.

ही मुलगी कराडची. कर्वेनगरला हॉस्टेलवर राहते. तिमाहीची बिलं निघाली की पहिला आठवडाभर तिचा फोन खाली ठेवला जात नाही. ‘काका, डाव्या बाजूला तीन रेघा दिसतायत ना, तिथं दाबा, आता “माझी बिलं” उघडा’ हे ती दिवसभर त्याच शांतपणानं सांगत असते. ज्या सभासदानं तो रिव्ह्यू लिहिला त्यांना फ्लॅट विकायचा होता आणि त्यासाठी सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला हवा होता. थकबाकी होती, म्हणून कमिटीनं दाखला अडवला. त्यांनी आम्हाला फोन केला. दाखला देणं आमच्या हातात नाही, तो सेक्रेटरींच्या सहीनंच निघतो, असं तिनं सांगितलं. त्या रात्री रिव्ह्यू आला. मुलीचे वडील लेकीचं काम बघायला म्हणून आमचं ॲप फोनवर ठेवून आहेत. त्यांनी तो वाचला. आता ती फोनवर नाव सांगत नाही, ‘सपोर्टमधून बोलतेय’ एवढंच म्हणते.

एका ताऱ्याच्या रिव्ह्यूनं इतकं काय बिघडतं, असं तुमच्या कार्यालयात कुणाला वाटत असेल तर आमचा धंदा कसा चालतो तेही सांगते. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्यानं ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नवं ॲप घ्यायचं की नाही, जुनं बदलायचं का, हे विषय बहुधा त्याच सभेत येतात. क्लब हाऊसमध्ये किंवा पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतात, आमचा माणूस डेमो देत असतो आणि मागच्या रांगेत कुणीतरी फोन काढून स्टोअरवरचे तारे बघत असतं. सरासरी चारच्या खाली दिसली की विषय ‘पुढच्या वर्षी बघू’वर जातो. म्हणजे ऑगस्टमध्ये पाच-दहा खोटे रिव्ह्यू पडले तर आमचं वर्ष जातं. मोठ्या कंपनीकडे जाहिरातीला पैसा असतो, हजारो रिव्ह्यूंच्या ढिगात दहा खोटे बुडून जातात. आमच्याकडे एकूण रिव्ह्यूच काहीशे. त्यात दहा म्हणजे फार झाले.

आता तक्रारी सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी: ज्या गोष्टीशी ॲपचा संबंध नाही तिचा राग ॲपवर निघतो आणि तुम्ही तो तसाच ठेवता. बाणेर-सूसकडच्या एका सोसायटीत उन्हाळ्यात टँकर वेळेवर येईना. कमिटीनं टँकरचा जादा खर्च बिलात धरला. बिल आमच्या ॲपवर गेलं आणि लोकांनी तारे आमचे कापले. दुसऱ्या एका सोसायटीनं थकबाकीवर वर्षाला २१ टक्के व्याज लावायचं सर्वसाधारण सभेत ठरवलं. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, तेव्हा तीच कमाल मर्यादा होती. आम्ही तो आकडा सेटिंगमध्ये भरला, कारण सोसायटीनं ठराव करून तो दिला होता. रिव्ह्यू आला: ‘सावकारी ॲप, २१ टक्के व्याज उकळतात.’ लिहिणारे गृहस्थ त्या सभेला हजर नव्हते. त्यांच्या व्याजातला एक रुपयाही आमच्याकडे येत नाही.

यूपीआयचं तर रोजचंच. खात्यातून पैसे कापले जातात, सोसायटीच्या खात्यात जमा होत नाहीत, मधेच अडकतात. याचा नियम रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्येच घालून दिलाय. दुकानदाराला किंवा संस्थेला केलेलं पेमेंट असं अडकलं तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत व्हायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. बहुतेक वेळा पैसे लगेच परत येतातही. पण माणूस रात्री अकरा वाजता घाबरलेला असतो. तो बँकेला फोन लावत नाही, तो आमच्या ॲपवर ‘फ्रॉड, पैसे खाल्ले’ असं लिहितो. त्याची भीती मला समजते, मी त्याला दोष देत नाही. पण पैसे परत आल्यावर रिव्ह्यू बदलायला तो परत येत नाही आणि ‘फ्रॉड’ हा शब्द तिथंच राहतो. सोसायट्यांचे पैसे हाताळणाऱ्या कंपनीच्या नावापुढं तो शब्द किती महाग पडतो, याचा विचार करा.

या सगळ्यावर आम्ही ‘विषयाला सोडून’ म्हणून तक्रार नोंदवतो. तुमच्या यंत्राला मजकुरात ‘ॲप’, ‘बिल’, ‘पेमेंट’ हे शब्द दिसतात आणि त्याच्या लेखी विषय सुटलेला नसतो. सोबत काही जोडायची सोय नाही. सभेचा ठराव, बँकेचा व्यवहार क्रमांक, टँकरचं बिल, सगळं हातात असून दाखवायला जागा नाही.

दुसरी तक्रार ओळखीची. आमच्या ॲपमध्ये लॉगिन करायला सोसायटीनं नोंदवलेलाच मोबाइल नंबर लागतो. पण ॲप उतरवून घेऊन, लॉगिनच्या पानापुढं न जाता, कुणीही एक तारा देऊ शकतो. एकदा एकाच रात्री असे रिव्ह्यू ओळीनं आले. एक-दोन शब्दांचे, ‘बोगस’, ‘वर्स्ट’ असे. त्यातलं एकही नाव आमच्या कुठल्या सोसायटीच्या यादीत सापडलं नाही. हे कुणी केलं ते मला माहीत नाही आणि पुराव्याशिवाय मी कुणाकडे बोट दाखवणार नाही. पण एका रात्रीत सरासरी खाली आली हे तुमच्या आकडेवारीत आमच्यापेक्षा आधी दिसलं असणार.

अशी लाट आली की काय करायचं हे तुम्हाला कळतं, हे आम्ही पाहिलंय. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखांच्या तोंडी घातलेल्या एका वाक्यावरून लोक चिडले आणि नावातलं साम्य बघून अनेकांनी स्नॅपडीलला एकेक तारा दिला. एका भारतीय कंपनीला दुसऱ्याच्या वादाचा मार बसला. मे २०२० मध्ये टिकटॉकविरुद्ध लाट उठली, सरासरी चाराच्या वरून दीडच्याही खाली गेली आणि मग लाखो रिव्ह्यू काढले गेले. म्हणजे लाट ओळखता येते आणि ती मागेही घेता येते. फक्त ती बातमी व्हावी लागते. आमच्यासारख्यांची बातमी होत नाही.

तिसरी तक्रार बोलण्याच्या जागेची. खोट्या रिव्ह्यूला खरं उत्तर द्यायचं तर मला जाहीरपणे लिहावं लागेल की अमुक फ्लॅटच्या सभासदांची इतकी थकबाकी आहे आणि म्हणून त्यांना दाखला मिळाला नाही. ते मी लिहिणार नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच. तो नसता तरी माणसाची थकबाकी चव्हाट्यावर मांडणं मला पटत नाही. त्यामुळे समोरचा काहीही लिहू शकतो आणि आम्ही ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, कृपया सपोर्टशी संपर्क साधा’ यापुढं जाऊ शकत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे सांगायला काही नाही. शिवाय गूगल प्लेवर उत्तराला मर्यादा ३५० अक्षरांची. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं असतात, त्यामुळे मराठीत लिहायला घेतलं की ती जागा इंग्रजीच्या कितीतरी आधी संपते.

चौथी: ताऱ्यांचा बाजार. ‘मॅडम, रेटिंग पडलंय, शंभर फाइव्ह-स्टारचं पॅकेज आहे’ असे फोन मला येतात. रिव्ह्यू पडल्यावर लगेच येतात, याचंही आश्चर्य वाटेनासं झालंय. आम्ही ते घेत नाही. ‘सगळे घेतात’ असं माझ्याच व्यवसायातले लोक मला तोंडावर सांगतात. जो विकत घेतो त्याचं रेटिंग वर राहतं आणि जो घेत नाही त्याला खोट्या रिव्ह्यूचा फटका पूर्ण बसतो. अशा वेळी तुमच्या स्टोअरवर सचोटीनं वागणाऱ्याला तुम्ही शिक्षाच देता.

‘कोर्टात जा’ असं काही जण सुचवतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीची तरतूद आहे. पण खोट्या नावाच्या खात्यामागचा माणूस शोधण्यापासून सुरुवात करायची, शिवाजीनगर कोर्टात तारखा घ्यायच्या आणि तेवढ्यात आमचा हंगाम गेलेला असणार. शिवाय कुणावर खटला भरू? पाण्याविना हैराण झालेल्या सभासदावर? तो माझा शत्रू नाही. अनेकदा तो माझा ग्राहकच असतो. दिवाणी नाही, फौजदारी नाही, मला फक्त कुणीतरी दोन्ही बाजू वाचून निर्णय द्यायला हवा आहे.

इथं एक गोष्ट निक्षून सांगते, कारण या पत्राचा उलटा अर्थ काढला जाण्याची भीती आहे. वाईट रिव्ह्यू काढून टाका, अशी माझी मागणी नाही. सहकारनगरच्या एका आजींनी दोन तारे देऊन लिहिलं होतं की पावतीवरची अक्षरं चष्मा लावूनही दिसत नाहीत. तो रिव्ह्यू आम्ही छापून भिंतीवर लावला आणि पुढच्या आवृत्तीत अक्षर मोठं करायची सोय दिली. आज जे ज्येष्ठ सभासद मुलांच्या मदतीशिवाय बिल भरतात त्यांनी त्या आजींचे आभार मानले पाहिजेत. ‘ॲप बंद पडतं’, ‘ओटीपी येत नाही’, ‘सपोर्ट फोन उचलत नाही’ हे कितीही कडक शब्दांत लिहिलेलं असलं तरी ते राहिलंच पाहिजे. पैसे मोजणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे. अमेरिकेत तर ग्राहकाला करारानं बांधून त्याचं तोंड बंद करायला २०१६ च्या कायद्यानं मनाई केली आहे आणि ते योग्यच आहे. कंपन्यांच्या सोयीसाठी तुम्ही टीका पुसायला लागलात तर त्याविरुद्धही मी असंच पत्र लिहीन.

आमच्या बाजूनं आम्ही काय करतो, तेही सांगते, म्हणजे हातावर हात ठेवून फक्त तक्रार करतोय असं होणार नाही. प्रत्येक रिव्ह्यू त्याच दिवशी वाचला जातो. उत्तर देण्याआधी तो कशाबद्दल आहे ते ठरवतो: ॲपचा दोष, बँकेचा, सोसायटीचा निर्णय, की यातलं काहीच नाही. ॲपचा दोष असेल तर उत्तरात कबूल करतो आणि दुरुस्ती झाली की त्याच रिव्ह्यूखाली आवृत्तीच्या क्रमांकासह लिहितो. बऱ्याच जणांनी त्यानंतर आपणहून तारे वाढवले आहेत. रागानं उत्तर लिहायचं नाही, लिहिणाऱ्याच्या हेतूवर शंका घ्यायची नाही, हा नियम आहे. संशयास्पद रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट, तारीख, ॲपची आवृत्ती यांची नोंद ठेवतो. ताऱ्यांसाठी कुणाला सवलत देत नाही. ॲपमधून रिव्ह्यू मागतो तो सगळ्यांकडून मागतो. आधी ‘खूश आहात का?’ विचारून ‘हो’ म्हणणाऱ्यांनाच स्टोअरवर पाठवण्याची जी युक्ती सर्रास चालते, ती आम्ही वापरत नाही. आणि नातेवाइकांना पाच तारे द्यायला सांगत नाही. पुण्यातल्या माझ्यासारख्या छोट्या कंपन्यांनाही माझी हीच विनंती आहे. आपलेच रिव्ह्यू खोटे असतील तर दुसऱ्याच्या खोट्या रिव्ह्यूबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला राहत नाही.

हे सगळं केल्यावरही जे उरतं ते आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. ते तुमच्या हातात आहे.

आणि त्यासाठी नवं काही शोधून काढायची गरज नाही. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत याचं मानक भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्येच आणलं: आयएस १९०००:२०२२. सचोटी, अचूकता, पारदर्शकता, खासगीपणा, प्रतिसाद देण्याची तयारी ही त्याची तत्त्वं. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का हे पडताळण्याचे मार्गही त्यात आहेत. पालन ऐच्छिक ठेवलं गेलं, पुढे मे २०२४ मध्ये ते बंधनकारक करण्याचा विचार सरकारनं जाहीर केला. ऐच्छिक गोष्ट करायला सरकारी सक्तीची वाट बघावी लागत नाही. अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून. तिथल्या व्यावसायिकाला जी सुरक्षितता मिळते ती सिंहगड रस्त्यावरच्या व्यावसायिकालाही मिळायला हवी.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०२१ चे मध्यस्थ नियमही आहेत, म्हणजे लोकांनी लिहिलेला मजकूर दाखवणाऱ्या तुमच्यासारख्या कंपन्यांसाठीचे नियम. ते आले तेव्हाच तक्रारीची २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल असं त्यात लिहिलं होतं. तुमचं पद ठेवणं त्याच नियमांनी बंधनकारक आहे. निकालावर अपील करायला केंद्राच्या तक्रार अपील समित्या आहेत. आमच्या सहकारी मुलीच्या बाबतीत आम्ही तिथं जाणार आहोत. पण प्रत्येक टँकरच्या आणि प्रत्येक यूपीआयच्या रिव्ह्यूसाठी दिल्लीपर्यंत अपील करणं हा उपाय होऊ शकत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

– मराठीतल्या, मग त्या देवनागरीत असोत की रोमन लिपीत, रिव्ह्यूंवरची तक्रार मराठी येणाऱ्या माणसानं वाचून निकाली काढावी. यंत्रानं प्राथमिक चाळणी जरूर करावी, ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मात्र माणसाकडे ठेवावा.

– कर्मचाऱ्याचं नाव घेऊन केलेला वैयक्तिक हल्ला तक्रार येताच तात्पुरता झाकावा आणि मग तपासावा. इथं उशीर म्हणजेच नुकसान आहे.

– तक्रारीसोबत कागद जोडण्याची सोय द्यावी. ते कागद जाहीर होऊ नयेत, फक्त तपासणाऱ्यानं बघावेत.

– ‘हा रिव्ह्यू ॲपबद्दल नसून तिसऱ्याच संस्थेबद्दल आहे’ असा वेगळा पर्याय असावा. अशा रिव्ह्यूचा मजकूर हवा तर राहू द्या, पण सरासरीत धरू नका.

– ज्या ॲपला लॉगिन लागतं तिथं, लिहिणाऱ्यानं लॉगिन केलं होतं की नाही एवढी खूण रिव्ह्यूवर दिसावी. त्याचं नाव आम्हाला नको.

– थोड्या वेळात अचानक आलेल्या एकसारख्या रिव्ह्यूंची लाट छोट्या ॲपवरही रोखून धरावी आणि तपासणी होईपर्यंत सरासरीत धरू नये. हेच अचानक आलेल्या पाच-पाच ताऱ्यांनाही लागू करावं.

– तक्रार फेटाळली तर कारण लेखी द्यावं. कोणता नियम, रिव्ह्यूतलं कोणतं वाक्य, आणि पुन्हा कुणाकडे दाद मागायची.

– दुरुस्ती झाल्यावर रिव्ह्यू लिहिणाऱ्याला तुमच्याकडून एकदा विचारणा जावी: मत बदललं आहे का? बदललं नसेल तर रिव्ह्यू तसाच राहील.

यातलं काही तुमच्या तांत्रिक माणसांना अवघड वाटत असेल तर आम्ही बसून बोलायला तयार आहोत. पुण्यात माझ्यासारख्या अनेक छोट्या कंपन्या आहेत. नावं झाकून आमची प्रकरणं, सोबतचे कागद आणि तुमची एका ओळीची उत्तरं अशी फाइल आम्ही तयार केली आहे. तुमच्या भारतातल्या कार्यालयातून कुणी पुण्याला येणार असेल तर जागेची व्यवस्था आम्ही करू. येणं शक्य नसेल तर फाइल पाठवतो. उत्तर मराठीत द्या किंवा इंग्रजीत, पण त्याखाली निर्णय घेणाऱ्या माणसाचं नाव आणि हुद्दा असू द्या. आणि त्या मुलीबद्दलचा रिव्ह्यू हे पत्र मिळाल्याच्या दिवशीच काढा. त्याला बैठकीची गरज नाही.

आपली,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक,
सिंहगड रस्ता, पुणे